टोपणाचं पान

सिस्टर, काठमांडूच्या बैठकीत तुमचं पान मी गाळलं. ढाक्याच्या डॉक्टरबाईंनी हरकत घेतली म्हणून ते गेलं, असं मी तुम्हाला सांगितलं होतं. ते खोटं होतं. बाईंनी ते पान पाहिलंसुद्धा नव्हतं.

एवढं बोलायला मला तीन वर्षं मिळाली होती. परभणीहून पेडगाव माझ्या स्कूटरवर, वाटेत चहाला थांबून, अर्ध्या-पाऊण तासाचं. तरी तुम्ही होतात तोवर जमलं नाही. आता तुम्हाला जाऊन पंधरा दिवस झाले आणि मी टेबलाशी बसून भरभरून लिहितोय. माझं हे असंच. ज्याला ऐकवायचं तो माणूस उठून गेला की मला वाक्यं सुचतात.

हे इतरही वाचतील, म्हणून तुम्हाला ठाऊक असलेल्या चार गोष्टी सांगतो. थोडं सोसा. भारत, नेपाळ, भूतान, बांगलादेश आणि श्रीलंका या पाच शेजाऱ्यांच्या जाणत्या मंडळींनी मिळून फवारणीच्या विषबाधेवर एक सामाईक धोरण लिहायला घेतलं होतं. कीटकनाशकाची बाटली सीमा ओलांडते, तिला पासपोर्ट लागत नाही, आणि ती फवारणाऱ्या माणसाला सगळ्या देशांत सारखीच चक्कर येते. तेव्हा नियमही सारखे असावेत, असा विचार. मी डॉक्टर नाही की शेतकी शिकलेला नाही. कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेला माणूस. एका जुन्या विद्यार्थ्यानं 'सर, भाषा तेवढी बघा' म्हणून मला त्यात ओढलं. पहिल्याच बैठकीत 'मसुदा कोण लिहिणार?' असा प्रश्न आला तेव्हा सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी नेमका चष्मा पुसत होतो, मान खाली घालायची राहून गेली. अशा रीतीनं पाच देशांच्या आरोग्याची जबाबदारी माझ्यावर आली.

आणि ही जबाबदारी घेऊन मी पेडगावात तुमच्या आरोग्य उपकेंद्राच्या व्हरांड्यात आलो. हातात छापील फॉर्मांचा गठ्ठा. प्रश्न : एक लिटर पाण्यात औषध किती मिलिलिटर टाकता?

"पंपाला दोन टोपणं," पहिला शेतकरी म्हणाला.

"ते कळलं. पण मिलिलिटर किती?"

"दोन टोपणं म्हणलं की, सर."

मी लिहिलं : माहिती नाही. दुसऱ्यालाही तेच विचारलं, त्यानंही टोपणं सांगितली, मी पुन्हा 'माहिती नाही' लिहिलं. दुपारपर्यंत अख्खा गठ्ठा 'माहिती नाही'नं भरला आणि परिस्थिती किती भयानक आहे या विचारानं मला बरंच वाटायला लागलं, कारण प्रस्तावना जोरदार होणार होती. तुम्ही लसीचा डबा बंद करून आलात, चार फॉर्म उचलून पाहिलेत.

"सर, ह्या समद्यायला मापाची माहिती न्हाई असं लिव्हलंय तुमी."

"हो ना. फारच गंभीर आहे."

"त्यायला म्हाईत हाय. दोन टोपणं. माहिती न्हाई ती तुमाला."

मग तुम्ही कपाटातून एक लाडवाचा डबा काढलात. सकाळपासून उपाशी होतो. झाकण उघडायच्या आत मी हात पुढे केला आणि तुम्ही चापट मारलीत. आत टोपणं होती. पांढरी, हिरवी, लाल, उंच, बुटकी. रिकाम्या बाटल्यांची, वर्षानुवर्षं गोळा केलेली. "धुतलेली हायत, तरी हात लावू नका," म्हणालात, हातमोजे चढवलेत आणि एका टोपणात काठोकाठ पाणी भरून ते दुसऱ्यात ओतलंत. दुसरं अर्धंच भरलं.

मला काही कळलं नाही, हे माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं. तुम्ही रजिस्टर उघडलंत. फवारणी करताना चक्कर आली, उलट्या झाल्या, घाम सुटला म्हणून जो जो उपकेंद्रात आला त्याचं नाव त्यात होतं, आणि नावापुढे तुमच्या अक्षरात बाटलीचं नाव. पेशंटासोबत बाटली आणायला सांगणाऱ्या तुम्ही एकट्याच असाल. नेहमीची बाटली कृषी केंद्रात संपली की दुकानदार दुसऱ्या कंपनीची द्यायचा, आणि त्या आठवड्यात रजिस्टरात नावं एकाखाली एक लागायची. माणूस तोच, शेत तेच, पंपही तोच. त्यानं टाकायची ती दोन टोपणं मोजून टाकली होती. बाटलीचं टोपण मोठं होतं एवढंच.

"म्हंजे चूक कोनाची?" तुम्ही विचारलंत.

मी लेबल न वाचणाऱ्याची, असं म्हणणार होतो. सुदैवानं तेवढ्यात चहा आला.

त्या दिवसापासून आपला वाद सुरू झाला. तुमचं म्हणणं, बाटली कुणाचीही असो, टोपण एकाच मापाचं पाहिजे, सगळ्या देशांत. आणि एका पंपाला किती टोपणं ते बाटलीवर चित्र काढून दाखवलं पाहिजे. माझं म्हणणं, असं केलं तर टोपणानं मोजायला आपणच परवानगी दिल्यासारखं होईल. टोपणानं ओतताना बोटांवर सांडतं. लोकांना मापाचा पेला वापरायला शिकवू.

"शिकवा की. माझी समदी नोकरी त्यातच गेली. पेला पोरं पाणी प्यायला घेत्यात आन् टोपण बाटलीलाच ऱ्हातं."

"पण सांडतं त्याचं काय?"

"मंग टोपणाला दांडी लावा."

मी हसलो. दांडीचं टोपण! धोरणात दांडी! तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "तुमी पंप उचललाय का कदी, सर?"

नव्हता उचलला. त्यानंतर तुमच्या अंगणात जे झालं ते पेडगावात अजून सांगतात, आणि दर वेळी त्यात थोडी भर पडते, म्हणून खरं काय ते मीच लिहितो. तुमचे यजमान दादाराव यांनी पंपात साधं पाणी भरलं आणि माझ्या पाठीवर चढवलं. झाकण मी लावतो म्हणालो. लावलं, पण आटे बसले नव्हते. जास्वंदीच्या खालच्या फांदीवर फवारायला मी ऐटीत वाकलो आणि अख्खा पंप मानेवरून शर्टात, शर्टातून पँटीत. मी थिजून उभा. शेजारच्या बायका तोंडाला पदर लावून बसल्या. तुम्हीसुद्धा डोळे पुसेपर्यंत हसलात. आणि मग मला टॉवेल देताना हळूच म्हणालात, "पाणी व्हतं म्हणून हसायलोत आमी."

ते वाक्य मी मसुद्याच्या पहिल्या पानावर घालायला हवं होतं. घातलं नाही. इंग्रजीत नीट बसेना.

तुमचं पान आपण दोघांनी मिळून लिहिलं. तुम्ही सांगितलंत, मी लिहिलं, तुम्ही ते परत वाचायला लावलंत आणि माझे चारही 'तथापि' काढून टाकलेत. अकरा ओळी उरल्या. काठमांडूच्या बैठकीला मी तुम्हालाही सोबत नेलं. तुम्ही दिल्लीच्या गाडीत ती घडी पर्समध्ये ठेवून झोपलात. विमानतळावर तपासणीत लाडवाचा डबा निघाला. हे काय आहे असं साहेबानं विचारल्यावर मी उत्साहानं, स्वच्छ इंग्रजीत, कीटकनाशकांच्या बाटल्यांविषयी बोलायला लागलो. माझं इंग्रजी ऐकून त्यानं आणखी दोघांना बोलावलं. तुम्ही मला बाजूला सारून नर्सचं जुनं ओळखपत्र दाखवलंत, "दवाखाने का सामान है, बेटा," म्हणालात, आणि डबा सुटला. मलाही त्यांनी तुमच्याच जबाबदारीवर सोडलं असं मला वाटतं.

विमानात तुम्ही खिडकीशी बसलात. डोंगर दिसायला लागले तेव्हा, बाहेरच बघत, तुम्ही मला ते सांगितलंत. रजिस्टर दाखवताना एका नावावर बोट ठेवून तुम्ही पान उलटलं होतं. ते नाव तुमच्या गेलेल्या धाकट्या भावाचं होतं. दुसऱ्याच्या कापसात रोजानं फवारायला गेला होता. मालकानं नवीन बाटली आणलेली. त्याला सुई तुम्हीच दिली होती, गाडी येईपर्यंत त्याचं डोकं मांडीवर तुम्हीच धरलं होतं. "मला म्हणला, आक्का, मी जास्ती न्हाई टाकलं. दोनच टाकले." एवढं सांगून तुम्ही पिशवीतून धपाटं काढून माझ्या हातात दिलंत, आणि मी ते खाल्लं. दुसरं काय करायचं ते मला कळलं नाही.

हे ऐकल्यानंतर, सिस्टर, मी ते पान गाळलं. म्हणून हे सांगायला एवढं जड जातंय.

तिथं काय झालं ते आता तरी सांगतो. पहिल्या सत्रात मी चुकून भूतानच्या पाटीमागे बसलो आणि भूतानचे गृहस्थ सभ्य असल्यामुळे अर्धा तास उभेच राहिले. त्यानंतर 'करावे' लिहायचं की 'करता येईल' यावर अख्खी सकाळ गेली. तुम्ही तोवर बाहेर बाकावर नेपाळच्या तराईतून आलेल्या एका नर्सबाईंशेजारी बसून डबा उघडला होता. तुम्हाला त्यांची भाषा येईना, त्यांना तुमची. त्यांनी एक टोपण उचललं, "बिर्को," म्हणाल्या आणि दोन बोटं दाखवली. तुम्ही माझ्याकडे पाहून हाक मारलीत, "सर, हितंबी दोनच!" एवढा आनंद मी तुमच्या चेहऱ्यावर परत पाहिला नाही.

शेवटच्या सकाळी मसुदा छोटा करायचा होता. पानं कमी करा, असा सर्वांचाच आग्रह. काय गाळायचं ते मी ठरवणार होतो. माझ्यासमोर प्रस्तावना होती. ती मी लिहिली होती आणि तिच्यात दोन सुंदर वाक्यं होती. तुमचं पानही होतं. मला वाटलं, सुटाबुटातल्या या मंडळींपुढे मी बाटलीचं टोपण वाचून दाखवणार? हसतील. खरं सांगतो, कुणीही हसलं नव्हतं. कुणी हसायच्या आतच मी लाजून मोकळा झालो. प्रस्तावना ठेवली, तुमचं पान काढलं.

तुम्ही दारातच विचारलंत, "झालं का?" आणि माझ्या तोंडून निघालं, "नाही हो सिस्टर. ढाक्याच्या डॉक्टरबाई अडल्या." ढाकाच का? त्या बाई तेवढ्यात समोरून गेल्या म्हणून. दुसरं कारण नाही. श्रीलंकेचे गृहस्थ गेले असते तर त्यांच्यावर आलं असतं.

तुम्ही चिडाल असं वाटलं होतं. चिडला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही परतीच्या वाटेत दिल्लीपर्यंत विचार केलात आणि म्हणालात, "त्यायच्याकडं पुराचं पाणी, साप, कॉलरा, काय काय असतंय. त्या बाईचं डोस्कं टोपणात कुठून लागंल? मीच नीट सांगाय पायजे व्हतं." पुढं तीन वर्षं तुम्ही त्या बाईंना समजून घेत राहिलात. बातम्यांत बांगलादेशात वादळ आलं की मला फोन : "तुमच्या डॉक्टरबाई बऱ्या हायत का?" एकदा येलदरीहून कुणी मासे आणले तेव्हा म्हणालात, बंगाली लोकांना मासे लय आवडतात म्हणे, त्या बाई आल्या तर करून घालीन. मी मान हलवली. तो मासा माझ्या घशाखाली उतरेना आणि तुम्ही काटा लागला समजून मला भाकरीचा कोरडा घास गिळायला दिलात.

मग ती चिठ्ठी. दोन पानं, हिंदीत, रेघा मारून. 'आदरणीय डॉक्टर बहनजी' असं सुरू होणारी. इंग्रजी करून पाठवा म्हणालात. मी नेली आणि शब्दकोशात ठेवली. उत्तर आलं का, असं तुम्ही दोनदा विचारलंत. तिसऱ्यांदा विचारलं नाहीत. माणसाचा मान ठेवायची तुमची ही रीत, आणि तिचा फायदा मी घेतला.

तुमच्या आजारात भेटायला आलो तेव्हा सांगायचंच ठरवून आलो होतो. पोखर्णीच्या बाजूनं, लांबचा रस्ता धरून आलो, वाक्य जुळवायला वेळ मिळावा म्हणून. तुम्ही खाटेवर, पाठीला दोन उशा. मी सुरुवात केली, "सिस्टर, माणसाकडून कधी कधी, विशेषतः आंतरराष्ट्रीय पातळीवर—"

"सर," तुम्ही म्हणालात, "तुमी लय लांबून सुरू करता. आदी चहा घ्या."

मी चहा घेतला. तेवढ्यात तुमच्या हातून जन्मलेल्या कुणा मुलीची मुलगी तुम्हाला दाखवायला आणली. खोली माणसांनी भरली. तुम्ही बाळाची टाळू चाचपून बघायला लागलात आणि मी चपला घालून निघालो. आपली ती शेवटची भेट. तुमच्यासमोर मी काय केलं, तर बशीत चहा ओतून प्यालो.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी तुमच्या लेकीनं, संघमित्रानं, मला दोन शब्द बोलायला सांगितलं. काका, पाच मिनिटं, असं बजावलं होतं. मी वीस घेतली. पंपाची गोष्ट सांगितली, विमानतळाची सांगितली, भूतानची खुर्ची सांगितली, लोक रडता रडता हसले. ते पान तेवढं गाळलं. पुन्हा. खाली बसलो आणि शेजारी तुमचा फोटो. मी मान वळवून बसलो.

त्या संध्याकाळी घरी येऊन शब्दकोश उघडला. तुमच्या चिठ्ठीचं इंग्रजी केलं. मला एक तास लागला, सिस्टर. तीन वर्षं आणि एक तास. चिठ्ठी आणि त्या अकरा ओळी पाचही देशांना पाठवल्या, आणि वर खरं काय घडलं ते चार वाक्यांत लिहिलं. एकही 'तथापि' नाही.

काल पडद्यावर बैठक झाली. मसुदा सरकारांकडे जाण्याआधीची शेवटची. मी माझ्या तोंडानं सगळं पुन्हा सांगितलं. आपल्या चौकटीत ढाक्याच्या बाईंनी चष्मा काढला. त्या आता थकल्यासारख्या दिसतात. हिंदी-बंगाली मिसळून म्हणाल्या, "दादा, आमच्याकडेही छिपीनंच, टोपणानंच मोजतात. हे पान तुम्ही मला तेव्हाच का दिलं नाही?" मग त्यांनी तुमच्याबद्दल विचारलं. दिसायच्या कशा, बोलायच्या कशा. मी सांगत गेलो. त्या ऐकत राहिल्या.

श्रीलंकेच्या सदस्यांनी हरकत घेतली. टोपणानं ओतताना बोटांवर सांडतं, म्हणाले. आपणच तसं करायला परवानगी दिल्यासारखं होईल. शब्दन् शब्द माझा. तुम्ही नव्हतात, म्हणून तुमच्या बाजूनं मला भांडावं लागलं, तेही स्वतःशीच. तुमचे सगळे मुद्दे वापरले. शेवटी दांडीही सांगितली. कुणी हसलं नाही. त्यांनी ती लिहून घेतली.

पान मसुद्यात गेलं, सिस्टर. नुसतं मसुद्यात. अजून पाच सरकारं आहेत, कंपन्यांच्या हरकती आहेत, 'करावे'चं 'करता येईल' व्हायला कितीसा वेळ लागतो. आपल्या वादात तुम्ही पूर्ण जिंकलात असंही मी म्हणणार नाही. सांडतं ते सांडतंच. या एका मुद्द्यावर तुम्ही मला अजून चार वेळा वेड्यात काढायला हवं होतं. तो वाद अर्धा टाकून जायची घाई तुम्ही केलीत, याचा मला राग आहे. आणि ज्या माणसानं तुमचं पान गाळलं त्याला तुम्ही तीन वर्षं ताकाचा पहिला पेला देत होतात, त्याचं काय करायचं ते मला समजत नाही.

आज सकाळी पेडगावला गेलो. दादाराव अंगणात तूर निवडत बसले होते, संघमित्रा शाळेत निघायच्या तयारीत. मी त्यांच्यासमोर बसलो आणि सगळं सांगितलं. काठमांडू, माझं खोटं, चिठ्ठी, कालची बैठक. या वेळी लांबून सुरू केलं नाही. संघमित्रा दारातच उभी राहिली, तिची शाळा राहिली. दादारावांचा हात सुपात थांबला तो थांबलाच. तुम्ही तर जाणता, हा माणूस दिवसाला दहा शब्द बोलतो, त्यातले चार बैलांशी.

ढाक्याच्या बाईंनी तुमच्याबद्दल काय काय विचारलं तेही सांगितलं. तेव्हा दादारावांनी विचारलं, "लय विचारलं का?"

"लय विचारलं, दादा. अर्धा तास."

दादारावांनी सुपातला एक खडा शोधून काढला, बाहेर फेकला आणि मला म्हणाले, "मंग भाषणाला तुमाला कामून बोलवलं आमी? त्या बाईलाच बोलवाय पायजे व्हतं."